घरचा लाईव्ह रॉक : नेरूळच्या खाऱ्या टँकच्या प्रकल्प नोंदी

२७ एप्रिल २०२५, रविवार

समुद्री माशांच्या टँकचं माप ठरलं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी साधारण १९० लिटर, सम्प (फिल्टरची खालची टाकी) वेगळा. स्टँड हॉलमध्ये कॉलमला लागून. सिडकोची जुनी इमारत आहे, स्लॅबच्या मधोमध पावणेतीनशे किलो ठेवायची हिंमत नाही. काच, स्टँड, पंप, लाईट ही पैशाची कामं, दुकानात गेलं की होतात. दगडाचं तसं नाही. म्हणून ही वही दगडाचीच.

खाऱ्या टँकमध्ये दगड शोभेसाठी नसतो, तो फिल्टर असतो. सच्छिद्र दगडाच्या अंगावर, माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वस्ती करतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू कमी पोचतो, तिथे नायट्रेट फोडून नायट्रोजन वायू सोडणारे दुसरे. बर्लिन पद्धत म्हणून जी रीत हौशी लोकांत रुळली तिचा पाया हाच : भरपूर लाईव्ह रॉक (असा जिवाणूंनी जिवंत केलेला दगड), एक दमदार स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), बाकी फिल्टरांना रजा.

४ मे, रविवार

मुंबईत दुकानं पालथी घातली. एकाने काउंटरखालची टोपली वर काढली. ‘ओरिजिनल रीफ का है.’ तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. सारख्या अंतरावर छोटे गोल खळगे, प्रत्येक खळग्यात कडेकडून मध्याकडे येणाऱ्या कागदासारख्या पातळ भिंती. हा दगड नव्हे, हा प्रवाळाचा सांगाडा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि २००१ पासून त्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी कठीण प्रवाळं आहेत, वाघाच्या पंगतीला. मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या एवढ्याशा वसाहती कोस्टल रोडसाठी हलवायच्या तर २०२० मध्ये रीतसर परवानग्या काढाव्या लागल्या, आणि इथे टोपलीत किलोवर विक्री. परत ठेवला.

अमेरिकेतही हे प्रकरण सरळ गेलेलं नाही. फ्लोरिडाजवळच्या समुद्रातून निसर्गातला लाईव्ह रॉक काढणं १९९७ पासून बंद आहे. तिथले लोक भाडेपट्ट्याने समुद्रतळाचा तुकडा घेतात, त्यावर साधा चुनखडी दगड टाकतात आणि जीव धरला की तोच उचलून विकतात. म्हणजे कोरडा दगड वापरून त्याला जिवंत करणं ही तडजोड वगैरे नाही. आपल्याकडे तर तोच एक सरळ रस्ता.

आयात केलेला कोरडा रॉक मिळतो, चांगला असतो. पण या टँकला वीसेक किलो लागणार, आणि किलोचा भाव ऐकल्यावर सिमेंटचा दगड स्वतःच ओतायचं ठरवलं.

१० मे, शनिवार

सामान जमवलं.

पांढरं सिमेंट. दुकानदार हटकून पुट्टी पुढे करतो, ‘एकच आहे’ म्हणतो. एकच नाही. पुट्टीत पॉलिमर असतात, ते पाण्यात नकोत. गोणीवर व्हाईट पोर्टलँड सिमेंट लिहिलेलंच घ्यायचं. वॉटरप्रूफिंगची पावडर, बुरशीनाशक, रंग काही न मिसळलेलं.

शिंपल्यांचा चुरा. पनवेलच्या बाजारात कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात गोणीने मिळतो. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून कोंबड्यांना घालतात. शिवाय घरच्या तिसऱ्यांच्या शिंपल्या. आईने हिवाळाभर उकळून, वाळवून पिशवीत साठवल्या. सुकं करताना आपल्याकडे एकाच शिंपलीत मांस ठेवतात, म्हणून अर्ध्या वाटीत जातात आणि अर्ध्या ताटात राहतात. दोन्ही गोळा केल्या. दिवाळे गावच्या मासळी बाजारात मावशींना आणखी मागितल्या तर त्या म्हणाल्या, ‘मावरं नको, नुसत्या शिंपल्या?’ आणि पिशवीभर फुकट दिल्या, बरोबर चेष्टाही. कालवाचं कवच बहुतांशी कॅल्साइट, तिसरीचं अ‍ॅरागोनाइट. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, फक्त स्फटिकाची घडण वेगळी. अ‍ॅरागोनाइट थोडं जास्त विरघळतं, पण पीएच आठच्या वर असताना दोन्हींतून पाण्यात फारसं काही उतरत नाही. त्यामुळे ‘दगडच पीएच सांभाळतो’ या समजुतीवर मी विसंबून नाही.

जाडं मीठ, वाण्याकडचं, उरणच्या मिठागरातलं. हे फक्त भोकं पाडायला. सिमेंट आवळलं की मीठ पाण्यात विरघळून जातं आणि मागे पोकळी उरते.

शेजारच्या काकांचा सल्ला : एवढी यातायात कशाला, पारसिकच्या डोंगराचा काळा दगड आणा की. बेसाल्ट पाण्यात काही वाईट करत नाही, पण तो घट्ट आणि जड. जिवाणूंना घर म्हणून मिळणार फक्त वरची कातडी. मला आत बोळ असलेला दगड हवा आहे.

११ मे, रविवार

ओतकाम. गच्चीवर, ऊन चढायच्या आत.

सोसायटीत प्लास्टरचं काम चालू आहे. तिथल्या मिस्त्रींना घमेलं आणि थापी मागितली तर ते स्वतःच येऊन उभे राहिले. माझं प्रमाण त्यांना पटलं नाही. मगाने मोजून एक सिमेंट, दोन चुरा, दीड मीठ. ‘साहेब, मीठ घातलेला माल टिकत नाही.’ इमारतीसाठी बरोबरच आहे त्यांचं, आत सळई असते आणि मिठाने ती गंजते. इथे सळई नाही, वर मजलाही चढवायचा नाही. ताकद कमी पडली तर चालेल, पोकळी कमी पडून चालणार नाही.

सिमेंट आणि चुरा आधी कोरडाच कालवला. मग पाणी, तेही हात आखडून. मीठ सगळ्यात शेवटी, नाहीतर ते कालवतानाच विरघळतं आणि नुसता खारट गारा हातात येतो. माल रव्याच्या लाडवासारखा मुठीत वळला पाहिजे आणि मूठ सोडली की फुटताही कामा नये. याहून ओला झाला तर भोकं बुजतात.

साचे म्हणजे भाजीचे क्रेट, आत ओली रेती. रेतीत हाताने खळगा करायचा, तळ खडबडीत ठेवायचा, माल टाकायचा, दाबायचा नाही. दाबायची फार इच्छा होते. सैल पडलेला मालच खऱ्या रीफच्या दगडासारखा दिसतो. थापलेला पेव्हर ब्लॉकसारखा. बोटं खुपसून बोगदे केले, काही आरपार, काही अर्ध्यावर सोडले. चपटे तुकडे जास्त केले, कारण रचायला तेच उपयोगी पडतात. दोन कमानी केल्या, खाली रेतीचा उंचवटा ठेवून. मोठ्या तुकड्यांत अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे उभे रोवले, नंतर त्यांतून अ‍ॅक्रिलिकची कांडी जाईल. लोखंड, तार, खिळा काही नाही.

रबरी हातमोजे शेवटपर्यंत. ओलं सिमेंट कातडी जाळतं, आणि जळतंय हे लगेच कळत नाही. कोरडं कालवताना मास्कही.

वर गोणपाट, गोणपाटावर पाणी. मिस्त्री जाताना सांगून गेले : सुकू देऊ नका, जितकं ओलं राहील तितकं पक्कं होईल. या बाबतीत आमचं एकमत आहे.

१८ मे, रविवार

साच्यातून काढले. पहिले दोन दिवस हात लावला नव्हता, मग रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. रेती झटकल्यावर अंग छान खरबरीत निघालं, शिंपल्यांच्या कडा जागोजाग वर आलेल्या. एका कमानीचा पाय तुटला. आता ती कमान नाही, दोन बरे तुकडे आहेत. टाचणी रोवून पाहिली, कुठे भुसभुशीत नाही.

दुसरा घाणाही (मालाची दुसरी खेप) आजच साच्यातून काढला, थोड्या जास्त मिठाचा. तो हाताला हलका लागतो. मोठे तुकडे पहिल्या घाण्यातले, वरचे दुसऱ्यातले अशी वाटणी करणार.

२६ मे, सोमवार

मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. माझं सगळं गणित जूनच्या दुसऱ्या आठवड्यावर बेतलेलं होतं, पण तक्रार नाही. दगड पक्के झालेत, आता त्यांना पाणीच हवं आहे.

बेत असा. सिमेंट पाण्याशी आवळतं तेव्हा चुना सुटतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो दगडातून महिनोन् महिने झिरपतो आणि पाण्याचा पीएच बारापर्यंत चढवतो. परदेशात लोक टब भरून ठेवतात आणि पाणी बदलत बसतात. नवी मुंबईत चार महिने आभाळातून फुकट मऊ पाणी पडतं, तेही सतत वाहतं. दगड तळाला भोकं असलेल्या क्रेटमध्ये, एकावर एक न चढवता, गच्चीच्या कोपऱ्यात मांडले. मीठही त्यातच धुऊन जाईल.

वर कबुतरांसाठी लावतात ती जाळी ताणून बांधली. हे विसरायचं नाही. कबुतराची विष्ठा म्हणजे फॉस्फेट, आणि सच्छिद्र दगडात एकदा मुरलेलं फॉस्फेट टँकमध्ये वर्षभर शेवाळ पोसत राहतं. गच्चीवर पाऊस आणि कबुतरं दोन्ही सारख्याच उदारपणे बरसतात.

८ जून, रविवार

पहिली चाचणी. एक मध्यम तुकडा आरओच्या पाण्यात बादलीत रात्रभर. टँकवाल्यांचं पीएच किट इथे निरुपयोगी, ते ८.८ च्या वर रंगच दाखवत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तशा रुंद पल्ल्याच्या पट्ट्या आणल्या. पट्टी गडद निळी : अकराच्या वर.

अपेक्षेप्रमाणेच. पाण्यावर पातळ पापुद्रा आला होता, बोट लावलं की चुरा होणारा. चुन्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढला की त्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं. दगडाच्या अंगावरही तसाच पांढरा थर धरू लागला आहे. जाड झाला तर भोकं बुजवेल, म्हणून दर रविवारी नायलॉनच्या ब्रशने घासायचं आणि क्रेटमधले दगड पालथे घालायचे, म्हणजे पोटाकडची बाजूही धुतली जाईल.

एका ओळखीच्या माणसाने हे सगळं सोडून संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये बुडवून काढायला सांगितलं. नैसर्गिक कोरड्या रॉकला सौम्य अ‍ॅसिड देतात, वरचं फॉस्फेट साचलेलं कातडं त्याने निघतं. सिमेंटच्या दगडात मात्र अ‍ॅसिड बांधणीलाच खातं, आणि आतला चुना होता तिथेच राहतो. वर बाजारच्या अ‍ॅसिडमध्ये आणखी काय असेल याचा भरवसा नाही. गच्चीवर लहान मुलं येतात ते वेगळंच. नाही.

२९ जून, रविवार

परवा महापालिकेचे आरोग्य कर्मचारी गच्ची तपासून गेले. पावसाळ्यात डासांच्या अळ्यांसाठी येतातच. क्रेट, जाळी, आत पांढरे धोंडे पाहून थबकले. क्रेटच्या तळाची भोकं दाखवली, पाणी साचतच नाही हे दाखवलं. चाचणीची बादली पालथी होती. मग त्यांनीच विचारलं, हे आहे काय. ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसत नाही यावर सेक्रेटरींना सुनावून गेले.

ज्यांना टब भरूनच ठेवायचे असतील त्यांच्यासाठी : पाणी आठवड्याच्या आत ओतून द्या. डासाच्या अंड्याचा उडता डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. पीएच बाराला अळी जगत नाही, पण तो नऊवर आला की जगते.

२७ जुलै, रविवार

रात्रभर भिजवल्यावर पीएच नऊच्या जरा खाली. दगड हिरवट झालेत, काही काळपट. गोड्या पाण्यातलं शेवाळ आहे, खाऱ्यात गेल्यावर मरेल. पण मेलं की तेच अमोनिया आणि फॉस्फेट, म्हणून घासून काढतो आहे.

आज भिंग घेऊन बसलो. मीठ पूर्ण गेलं आहे. खडा जिथे होता तिथे स्वच्छ कोनांचा चौकोनी खळगा उरला आहे, काही ठिकाणी दोन खळगे एकमेकांत उघडलेले, भिंत दोऱ्याएवढी. एका टोकाला ड्रॉपरने शाईचं पाणी सोडलं, दुसऱ्या बाजूने, अनपेक्षित जागेतून, निळा थेंब बाहेर आला. पोकळ्या सुट्या नाहीत, जोडलेल्या आहेत. आत पाणी फिरेल.

दुसऱ्या घाण्यात हे जास्त आहे. मीठ वाढवलेलं योग्यच होतं.

१० ऑगस्ट, रविवार

रात्रभर भिजवून ८.४, पुन्हा तपासलं तरी तेवढाच. दगड खाली आणले. प्रेशरच्या पाण्याने धुतले, मग आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात एकदा आणि चांगल्या पाण्यात एकदा. उन्हात वाळवायला ऊनच नाही, पंख्याखाली ठेवले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

खारं पाणी तयार केलं. ड्राय बाल्कनीत झाकणाचा ड्रम, त्यात १०० लिटर आरओ. आमचं पाणी मोरबे धरणाचं, नळालाच टीडीएस शंभराच्या आत असतो, तरी आरओ लावलाच. क्लोरीन आणि जुन्या पाइपांतलं तांबं हे दोन्ही नकोत. तांबं तर अजिबात नको. बिनकण्याचे जीव त्याने मरतात आणि दगड ते शोषून धरतो.

मीठ समुद्री टँकसाठीचं तयार मिश्रण, लिटरला सुमारे ३८ ग्रॅम. उरणचंच मीठ ड्रममध्ये का नाही, हे आईने विचारलं आणि प्रश्न रास्त आहे. मिठागरात पाणी आटतं तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, मग सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात, आणि ते पाणी बाजूला काढतात. समुद्रात लिटरला मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम ४०० च्या थोडं वर असतं. खाण्याच्या मिठात ते फारसं उरत नाही. भाजीला तेच बरं.

आणि ठाण्याची खाडी? ती दारातच आहे. पण पावसाळ्यात तिथला खारेपणा निम्म्याखाली जातो, सांडपाणी आहे, कारखाने आहेत. शिवाय फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून, रामसर स्थळ २०२२ पासून; तिथून काही उचलायचा विचारही नको.

मीठ हळूहळू, पंप चालू ठेवून. आधी मीठ आणि वर पाणी असं केलं तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं साधन) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारी ३५ भाग क्षाराच्या, द्रावणाने जुळवला, नुसत्या आरओने नाही. दुसऱ्या दिवशी मोजायचं, मग दगड सोडायचे. तापमान २८. हीटरची गरज आपल्याकडे जवळजवळ पडत नाही, पुढे चिलरच लागेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. जिवाणू आणायला ठाण्याला जायचं होतं, ते रद्द. दगड ड्रममध्ये, वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) चालू.

२४ ऑगस्ट, रविवार

ठाण्याच्या मित्राकडून जिवाणूंचं बियाणं आणलं. त्याचा टँक कित्येक वर्षं चालू आहे. सम्पमधल्या सिरॅमिकच्या रिंगा मूठभर, तळाची वाळू वाटीभर, आणि काचेवरून खरवडलेलं कोरलाईन शेवाळ. जांभळट-गुलाबी खपल्या, चिमूटभर. कोरलाईन हे शेवाळ आहे, प्रवाळ नव्हे. नावामुळे गोंधळ होतो. रिंगा त्याच्याच टँकच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून पिशवीत, वर हवा राहू दिली. ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळपर्यंत काहीच बिघडत नाही. जिवाणूंना कोरडं पडणं आणि कोंडणं या दोनच गोष्टी बाधतात. बाटलीतले जिवाणूही मिळतात आणि चालतातही, पण त्यातून कोपेपॉड (ठिपक्याएवढे समुद्री जीव) आणि ब्रिसल वर्म येत नाहीत.

घरी आल्यावर सगळं आधी पांढऱ्या टोपात. दिवे घालवून टॉर्च मारला. शोधत होतो आयप्टेशिया. काचेसारखं तपकिरी समुद्रफूल, दिसायला गोंडस. एक आलं की पन्नास होतात आणि चिरडलं तर तुकड्यातुकड्यातून उगवतं. नव्हतं. केसाएवढ्या दोन अळ्या वळवळत होत्या, ब्रिसल वर्म. त्या हव्याच आहेत, उरलंसुरलं खातात.

जिवाणूंना अन्न म्हणून अमोनिया. काही लोक कोळंबीचा तुकडा सडवतात. ड्राय बाल्कनी स्वयंपाकघराला लागून आहे, घरात राहायचं आहे. त्यामुळे अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाले भांड्यावर टाकायचे तो नवसागर. मात्र बाजारचा नव्हे, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा. १०० लिटरला पाऊण ग्रॅम घातला की नायट्रोजनच्या हिशेबात दोन पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) होतो. यापेक्षा जास्त घालून काम लवकर होत नाही, उलट अडतं.

झाकण लावलं. उजेड नको. उजेडात जिवाणूंच्या आधी शेवाळच जागा धरतं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. अमोनिया दोन, नायट्राइट शून्य. पाहुण्यांना ड्रम दाखवणं आईने बंद केलं आहे.

७ सप्टेंबर, रविवार

अमोनिया अर्ध्यावर, नायट्राइटचा रंग लावताक्षणी जांभळा, किटच्या टोकाला. पहिली पाळी कामावर रुजू झाली. पाणी किंचित गढूळ, वास मातीचा, सडका नाही. नाकाची चाचणी किटइतकीच खरी असते.

काल रात्री वीज गेली होती. ड्रममध्ये मासे नसले तरी जिवाणूंना प्राणवायू लागतोच, आणि २९ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो मुळात कमी विरघळतो. बॅटरीवरचा एअर पंप लावून झोपलो. टँक लागला की इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर कायमचा.

२१ सप्टेंबर, रविवार

पाऊण ग्रॅमचा डोस आता दिवसात साफ होतो. नायट्राइट मात्र अजून जांभळाच. इथे बहुतेक लोकांचा धीर सुटतो आणि पाणी बदलतात. नायट्राइट खाणारे जिवाणू सावकाश वाढतात, खाऱ्या पाण्यात तर आणखीच. आणि गोड्या पाण्यात नायट्राइट जितकं विषारी तितकं खाऱ्यात नाही, क्लोराइड त्याला माशाच्या कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. थांबायचं. नायट्रेट आत्ता मोजायचंही नाही, नायट्राइट असताना ते किट फुगवून आकडा दाखवतं.

क्षारता मात्र मोजली, कमी झाली आहे. दोन पीपीएम अमोनियाचा निकाल लावताना जिवाणू पाऊण डिकेएचच्या (क्षारतेचं एकक) थोडी वरच क्षारता खर्च करतात. डोस साठले तसा खर्चही साठला. खायचा सोडा, १०० लिटरला तीन ग्रॅम, म्हणजे एक डिकेएच वाढते. बेकिंग पावडर नव्हे, त्यात आम्ल आणि पीठ असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

नायट्राइट शून्य. डोस घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं : अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट चाळीसच्या आसपास. फॉस्फेट ०.२०, मला पाहिजे त्याहून जास्त. हे शिंपल्यांतून आलं असावं, थोडं वाळूतून. सगळं पाणी बदललं, नव्या पाण्यात आठवडाभर ठेवून पुन्हा मोजेन. दगड फॉस्फेट सोडतोय की नाही हे त्याशिवाय कळत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

नव्या पाण्यात फॉस्फेट ०.०९. सोडतोय, पण फार नाही. फॉस्फेट शोषणाऱ्या आयर्न ऑक्साइडच्या दाण्यांची छोटी पिशवी सम्पमध्ये राहील.

दगड टँकमध्ये रचले. वाळूच्या आधी, थेट तळाच्या काचेवर. वाळूवर ठेवले तर खाली उकरणाऱ्या माशाने ते कलंडतात. मागच्या काचेपासून चार बोटं अंतर, पाणी मागून फिरलं पाहिजे आणि ब्रशही गेला पाहिजे. कांड्या पाइपांतून आरपार गेल्या, जिथे डगमग वाटली तिथे इपॉक्सीची पुट्टी. कमान उजवीकडे. घरच्या मंडळींनी वेगवेगळ्या दिशांनी सूचना केल्या, त्यांतली ‘एक दगड काढून टाक’ ही आईची सूचना बरोबर होती. वीस किलो सगळे भरले असते तर पोहायला जागाच उरली नसती. उरलेले तुकडे सम्पमध्ये गेले, काम तिथेही तेच करतील.

९ नोव्हेंबर, रविवार

पांढरे शुभ्र दगड आता तपकिरी. डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकला हे येतंच, पाण्यातलं सिलिकेट संपलं की ओसरतं. पुसत नाही. लाईट दिवसाला पाच तासच.

रात्री काचेवर टॉर्च मारला तर पांढरे ठिपके झटके देत पळतात. कोपेपॉड. ब्रिसल वर्मही कमानीच्या खालच्या भोकात दिसला, अर्धा आत.

२३ नोव्हेंबर, रविवार

डाव्या दगडाच्या सावलीतल्या बाजूला, शिंपलीच्या कडेला लागून, दोन-तीन मिलिमीटरचा जांभळा गोल डाग. नखाने खरवडला, निघत नाही. कोरलाईन. दुसरा त्याच्या खाली, आणखी फिका. कॅल्शियम ४२०, क्षारता ८.१ डिकेएच, मॅग्नेशियम १३२०, फॉस्फेट ०.०५, नायट्रेट पाच. कोरलाईन वाढायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही, फक्त आकडे वरखाली होऊ द्यायचे नाहीत.

तपकिरी थर ओसरतोय. पुढच्या आठवड्यात गोगलगायी, त्यांनी दोन-तीन आठवडे काढले की क्लाउनफिशची जोडी. समुद्रातून पकडलेली नको, हॅचरीतलीच हवी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने क्लाउनफिशची पैदास केली आहे, तिथे आधी चौकशी करणार. ड्रम धुऊन क्वारंटाईनसाठी ठेवला. त्यात दगड टाकायचा नाही, औषध दिलं तर तो ते शोषेल. पीव्हीसीचे दोन एल्बो पुरेत लपायला.

ठाण्याच्या मित्राला या घाण्याचं प्रमाण हवं आहे. त्याला दुसऱ्या घाण्याचंच पाठवलं : सिमेंट एक, चुरा दोन, मीठ दोन. ओतकाम एप्रिलअखेर उरकायला सांगितलंय. पाऊस कधी येईल याचा आता नेम नाही.